परत येतो म्हणाला

विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हे कोणाला सांगत नाही.

त्या दिवशी काम साधंच होतं. इथे अमेरिकेत, बॉथेल गावातला राजेश नावाचा एक मराठी सॉफ्टवेअरवाला एकटाच ट्रेकला गेला आणि पाय मोडून डोंगरात अडकला. शेरीफने आमच्याकडे हेलिकॉप्टर मागितलं. आमच्या हवाई दलाच्या बचाव स्क्वाड्रनचं खरं काम युद्धात पडलेल्या विमानांतली माणसं परत आणायचं. व्हिएतनामपासून ते चालू आहे. पण घराजवळ कोणी हरवलं, तरी आम्हीच जातो.

दुपारीच धुक्याने झाडं गिळून टाकली होती. केबलवरून मी खाली उतरलो. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात जळक्या इंधनाचा. आमचं हेलिकॉप्टर तर बरंच वर, मग इथे इंधन कुठून आलं, असं मनात आलं आणि गेलं.

राजेश कपारीत बसला होता.

"मराठी ना तुम्ही? चला, हुक लावतो."

"मी नाही येणार," तो हळूच म्हणाला. "त्याने हलू नको सांगितलंय. परत येतो म्हणाला..."

"कोण?"

"तुमच्यातलाच. पाय बांधून दिला. अजून एकाला घेऊन येतो म्हणाला, आणि गेला... तिकडे."

त्याचा पाय खरंच बांधलेला होता, अगदी आम्हाला शिकवतात तसा. पण माझ्याआधी कोणीच उतरलं नव्हतं.

आमच्याकडे नव्या पोरांना एक गोष्ट सांगतात. सत्तरच्या दशकात याच डोंगरात पडलेल्या एका विमानापाशी आमचा एक जण जखमी माणसाला 'परत येतो' सांगून दुसऱ्याला शोधायला गेला, तो आलाच नाही. नंतर आलेल्या हेलिकॉप्टरचा दोर समोर लोंबत होता, तरी जखमी माणसाने तो धरला नाही. त्याचीच वाट बघत थंडीने गेला. मी ती गोष्ट हसण्यावारी नेली होती.

"फ्युएल कमी आहे, लवकर कर," कानात पायलट नीनाचा आवाज आला.

राजेशने खडक घट्ट धरून ठेवला होता. बोटं निळी पडली होती. ओढलं असतं तर दोघंही खाली गेलो असतो. शेवटी मी खोटं बोललो.

"अहो, तो मीच. बघा, आलो ना परत?"

त्याने माझं हेल्मेट नीट बघून घेतलं. मग त्याने हात सोडला.

वर आल्यावर मी त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, हेडसेट लावून दिला. धुकं मागे पडलं, तसा मला जरा धीर आला. आपण एक माणूस वाचवला, एवढंच डोक्यात होतं.

"सॉरी हं," तो म्हणाला. "आधी ओळखलंच नाही तुम्हाला. मी नागपूरचा प्रसन्न, असं सांगितलं होतंत, तरीपण..."

नाव माझंच होतं, पण मी ते त्याला सांगितलं नव्हतं. गावही नाही.

"मघाशी कपाळ केवढं फुटलं होतं तुमचं," तो म्हणाला. "हेल्मेट काढा ना... बघू दे."

बेसवर उतरेपर्यंत मी हेल्मेट काढलं नाही.