खालच्या ओळीतला आवाज

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली, ती लुपे आमच्या शेजारीच राहते. वायरलेसची खरखर कानावर आली की अजूनही ती उठून बाहेर जाते.

टोंगामधलं आमचं लिफुका बेट. गेल्या मार्चमधली गोष्ट.

रात्रीची नाही... भर दुपारची.

लुपे मच्छीमारांच्या सोसायटीत कामाला होती. समुद्रावरच्या होड्यांचे वायरलेसवरचे कॉल ऑफिसातल्या एकुलत्या एका कंप्युटरवर यायचे. ते ऐकत बसणं हेच तिचं काम. त्या मशीनवर दुसरं काहीही टाकायला मनाई होती. पण बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ जोडायचा होता. म्हणून तिने त्याच मशीनवर गुपचूप, कंप्युटर चालवणाऱ्या सिस्टीमची दुसरी कॉपी बसवली. तेव्हापासून मशीन सुरू केलं की कुठली कॉपी चालवायची ते निवडायला पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची ऑफिसची, खालची तिची.

एका वेळी एकच चालायची.

म्हणजे खालची चालू असली की समुद्राचं ऐकणारं कुणी नसायचं.

"अर्ध्या तासाने काय बिघडतंय?" असं ती स्वतःलाच सांगायची.

त्या दुपारी तिचा मामा सेमीसी होडीकडे जाताना खिडकीतून ओरडला, "ए कोंबडे, झोपू नकोस! मी बुडालो तर तुझ्या आईला कोण चिडवणार?"

"जा रे मामा. तुला तर मासेसुद्धा परत पाठवतील!"

तो हसत गेला.

लुपेने खालची ओळ निवडली.

वारा कधी फिरला, तिला कळलंच नाही...

सेमीसी परत आला नाही. होडीची फक्त एक फळी सापडली. त्याला वायरलेसवर हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल, असं गावाने गृहीत धरलं. खालच्या ओळीचं लुपेने कुणाला सांगितलं नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला दुखवट्याची चटई गुंडाळून आईशेजारी बसली.

काही दिवसांनी ती कामावर गेली. दुसरी कॉपी कायमची पुसायची, म्हणून त्याआधी आपला व्हिडिओ काढून घ्यायला तिने ती उघडली.

आणि स्पीकर खरखरला.

खालच्या कॉपीत वायरलेस नव्हताच. तिने तो कधी टाकलाच नव्हता.

"लुपे... ऐकतेस ना?"

मामा! घशात पाणी गेल्यासारखा आवाज.

"पाणी चढतंय, पोरी... बोलत राहा."

ती बोलत राहिली. रडत, माफी मागत. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. बंद करायला हात उचलला की आवाज यायचा...

"पुन्हा सोडून चाललीस?"

एका संध्याकाळी दोन कोळी नखशिखांत भिजलेले दारात उभे राहिले.

"इंजिन बंद पडलं होतं आमचं! खडकावर आपटून मेलो असतो! बोलावून बोलावून घसा बसला. कुठे मेली होतीस?"

लुपे तशीच घरी गेली आणि आईला सगळं सांगून टाकलं. दोन्ही कॉपींचं. त्या दुपारचं.

आईने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या मला ऐकव."

दुसऱ्या दिवशी दोघी मशीनसमोर बसल्या. खालची ओळ. खरखर...

"लुपे... जाऊ नकोस."

आई वाकून ऐकत होती.

"आवाज त्याचाच आहे," ती पुटपुटली. "पण हा माझा भाऊ नव्हे. माणसं समुद्रावर ओरडत असताना सेमीसी तुला असं अडवून ठेवणार नाही."

"मग... हा कोण आहे, आई?"

स्पीकर शांत झाला.

आणि अगदी कानाशी... कुणीतरी हसलं.

आईने वायर उपटली.

लुपेने ती कॉपी पुसली. सोसायटीत स्वतः जाऊन सगळं कबूल केलं. नोकरी गेली. आई अजून तिच्याशी बोलते, तिच्या ताटात वाढते. पण भावाचं नाव मात्र तिच्यासमोर काढत नाही.

त्या आवाजाचं मी लुपेला एकदाच विचारलं. मामाचा आवाज त्या हसणाऱ्याला मिळाला कुठून?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली...

"मामा त्या दुपारी खूप वेळ हाका मारत असणार. मी नव्हते. दुसरं कुणीतरी ऐकत बसलं होतं."