पांढऱ्यावरची हळद

"हलू नकोस... एक मिनिट, अजिबात हलू नकोस!"

हर्षिता जागच्या जागी थबकली. एका हातात खिरीचं पातेलं, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांची पिशवी, आणि गाडीचं दार लावायला तिनं नुकताच कमरेनं धक्का दिलेला. अमेरिकेतल्या या कॅरी गावात एप्रिलमध्ये हे करायचं नसतं, हे ती दरवर्षी विसरायची. पाइनची झाडं फुलली की गाड्यांवर, बाकांवर, पावसाच्या डबक्यांवरसुद्धा परागाची पिवळी साय धरते.

मागे एक उंच मुलगा हसू दाबत उभा होता.

"काय आहे? किडा?"

"नाही. हळद लागलीये तुला."

तिनं मान वळवून पाहिलं. भीमजयंतीसाठी आईनं नागपूरहून मागवलेला पांढराशुभ्र कुर्ता कमरेपासून गुडघ्यापर्यंत पिवळा झाला होता.

"आपल्यात हळद नसते," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

"माझ्या आजीला सांग ते. ती सगळ्यांच्या लग्नात लावतेच." त्यानं हात पुढे केले. "पातेलं दे इकडे, नाहीतर खीरही पिवळी होईल. मी सुगत. शाळेत शुग म्हणतात."

"शुग? म्हणजे साखर?"

"म्हणून तर खीर माझ्याकडे दे म्हणतोय ना!"

तिनं पातेलं दिलं. हसू मात्र दिलं नाही, ते ओठांतच ठेवलं.

पार्किंगला लागूनच भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये वंदना सुरू झाली, तेव्हा तो नेमका तिच्या मागच्याच रांगेत बसला होता. फोनवरच्या इंग्रजी अक्षरांतून मोठ्या भक्तिभावानं पंचशील वाचत होता, आणि प्रत्येक ओळीत एक शब्द असा काही उच्चारत होता की हर्षिताचे खांदे हलायला लागले. तिला स्वतःचीच लाज वाटली. रोज सकाळी शील घेणारी मुलगी ती, आणि वंदनेत हसते!

जेवणाच्या वेळी तिनं त्याला गाठलं. "तू 'वेर-मनी' म्हणत होतास."

"मग? तसंच आहे ना ते? लहानपणी मला वाटायचं, पाचही रूल्स मनीबद्दल आहेत. डोन्ट किल फॉर मनी, डोन्ट लाय फॉर मनी..."

ती इतकी हसली की वाटीतली खीर हिंदकळली. "वेरमणी! बाणातला ण. वेरमणी म्हणजे लांब राहणं. अमुक गोष्टीपासून मी लांब राहीन, असं आपण स्वतःहून घ्यायचं. कुणी दुसऱ्यावर लादत नाही."

"तू रोज घेतेस?"

"रोज सकाळी. आणि पौर्णिमेला उपोसथ असतो, दुपारनंतर जेवत नाही."

"आणि चुकलं तर?"

"परत घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी."

त्याचं हसू मावळलं. वाटीतली खीर चमच्यानं उगाच ढवळत राहिला. त्याचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

मग ण शिकवण्याच्या निमित्तानं भेटी सुरू झाल्या. आईची जुनी गाडी घेऊन तो यायचा आणि सिग्नलला थांबला की म्हणायचा, "पाणी. लोणी. हर्षिता."

"त्यात ण कुठे आहे?"

"नाहीये? मग चुकून आलं तोंडात."

बुद्धपौर्णिमेला सगळे मित्र फ्राइज खात असताना त्यानं आपला डबा बंदच ठेवला. "चंद्र मावळेपर्यंत थांबतो. तुझ्यासमोर खाल्लं तर घशाखाली उतरणार नाही." घरी गेल्यावर ती खिडकीतून बराच वेळ त्या चंद्राकडे बघत बसली.

जूनमध्ये, शाळेचा ग्रॅज्युएशनचा समारंभ झाल्यावर, ती दोघं तळ्याकाठच्या बाकावर भेटली. बारीक पाऊस भुरभुरत होता. त्यानं टोपी काढली. कपाळावर सतत येणारी ती झुलपं... गेली होती.

"केस कुठे गेले?"

"सवय करतोय. आर्मी जॉइन करतोय मी."

पाऊस वाढला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"बाबा गेल्यापासून आई दिवसभर डे-केअरमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि संध्याकाळी स्टोअरमध्ये उभी राहते," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "नर्सिंगची ॲडमिशन मिळालीये मला. पण तिच्या नावावर आणखी एक लोन... नाही यार. आधी आर्मीत नोकरी, मग कॉलेजचा खर्च सरकार देतं. मेडिकचं ट्रेनिंग मिळतंय."

"मेडिक म्हणजे जखमींना वाचवायचं, हो ना?" तिनं तो शब्द घट्ट धरला.

"हो. पण... रायफल मेडिकलाही देतात."

हे त्यानं सांगितलं नसतं तर तिला कळलंही नसतं. तिच्या डोळ्यांतला प्रश्न ओळखून तो म्हणाला, "तुला खोटं कसं सांगू? चौथं शील ना ते?" आणि मग हसायचा प्रयत्न करत, "शेवटी माझं वेर-मनीच झालं बघ."

या वेळी हसली नाही ती.

"ऑगस्टमध्ये निघायच्या दिवशी शेवटची शपथ असते," तो हळूच म्हणाला. "तोवर नाही म्हणता येतं. तू नको म्हणालीस... तर नाही जाणार मी."

"मी का?"

"कारण तू रोज सकाळी ते पहिलं शील घेतेस. आणि कारण..." पुढचं वाक्य पावसात तसंच राहिलं.

त्या दिवसापासून सकाळच्या वंदनेत तिचा आवाज पहिल्याच शीलापाशी अडकू लागला. प्राणिहत्येपासून लांब राहीन, असं म्हणायचं, आणि डोळ्यांपुढे त्याच्या हातातली रायफल यायची. एक 'नको' म्हटलं की तो इथेच राहणार होता. रोज दिसणार होता. एका संध्याकाळी ती मुद्दाम त्याच्या आईच्या स्टोअरमध्ये गेली. काकू काउंटरमागे एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभ्या होत्या. तिला पाहून दमलेला चेहरा उजळला. "जय भीम बेटा! आमचा सुगत नर्स होणार म्हणतो. बाबांच्या आजारपणात दवाखान्यात बसून बसून त्यानं ठरवलंय ते."

परतताना हर्षितानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पोटभर रडली. तिच्या ओठांवर आलेला 'नको' शीलातून आलेलाच नव्हता. तो भीतीतून आला होता. भीती आपली, आणि नाव शीलाचं? मग चौथ्या शीलाचं काय?

निघायच्या सकाळी सैन्यात भरती करणाऱ्या रिक्रूटरच्या ऑफिससमोर व्हॅन उभी होती. त्याची आई थोडी लांब, पदर ओठांवर दाबून. हर्षिता आली ती तोच पांढरा कुर्ता घालून. कितीदा धुतला तरी पिवळी झाक गेली नव्हती.

"शपथेत देवाचं नाव नाही घेतलं तरी चालतं," सुगत घाईघाईनं म्हणाला, जणू मुख्य प्रश्नाला त्याला अजून थोडं लांब ठेवायचं होतं. "मी विचारलं. 'आय अफर्म' म्हणायचं."

"म्हणजे स्वतःहून घेतो म्हणायचं. वंदनेत म्हणतो तसंच." ती एक पाऊल पुढे आली. "सुगत, मला खूप भीती वाटते. नको म्हणावंसं वाटतं... रोज वाटतं. पण माझ्या 'नको'नं तू थांबलास, तर ते तुझं शील नाही. माझी भीती आहे ती. तिला शीलाचं नाव नाही देणार मी. आणि रायफल हातात घेतल्यावर काय करायचं, तेही मी नाही सांगू शकत. तुझं तुलाच ठरवायचंय."

त्यानं डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीतरी उचलून धरलेल्या माणसाचे हात सैल व्हावेत, तसे त्याचे खांदे खाली आले.

"फक्त रोज सकाळी घेत जा," ती म्हणाली. "तिथेही. आणि चुकलं तर..."

"परत घ्यायचं."

रिक्रूटरनं हाक मारली. तो वळला, तशी ती मागून म्हणाली, "आणि एप्रिलमध्ये सुट्टी माग."

"का गं?"

"हॉलच्या पार्किंगमध्ये मी गाडीला टेकून उभी असेन. हाच कुर्ता घालून."

त्याची नजर कुर्त्यावरच्या पिवळ्या झाकेवर गेली, तिथेच थांबली. "आपल्यात हळद नसते म्हणाली होतीस."

"तुझ्या आजीला विचारेन मी," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

व्हॅन वळणाआड गेली. काकूंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षितानं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि पहिलं शील घेतलं. आवाज हलला, पण अडकला नाही. त्याच्या वाटचं ती घेऊ शकत नव्हती, ते ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं. पुढचं शील म्हणण्याआधी ती फक्त थोडी थांबली... तिकडे त्याचंही म्हणून होईल, एवढा वेळ.