माझा पत्ता देवाला ठाऊक आहे

देवाला माझ्याशी काही बोलायचं असेल, तर एका धुळकट माणसाने मध्ये लुडबूड करायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या शनिवारी मी चर्चमध्ये विसरलेला स्वेटर आणायला गेले होते. तेवढ्यात मोठ्या ऑर्गनच्या पोटातून आवाज आला, "कोणी आहे का? जरा एक पट्टी दाबून धराल?"

सूर लावणारा आत नळ्यांशी झटणार आणि बाहेर कोणीतरी एकेक पट्टी धरून बसणार, असं ते दोघांचं काम असतं म्हणे. मी बसले.

"पुढची," आतून आवाज.

"पांढरी की काळी?"

"तुम्हाला आवडेल ती."

"हे सूर लावणं आहे की लाडीगोडी?"

आतून हसू ऐकू आलं, पाठोपाठ शिंक. शेवटी तो बाहेर आला तेव्हा भुवयांवर धूळ होती, आणि डोळे... जाऊ दे. डोळे चांगले होते.

काम लांबलं. मी दर शनिवारी जात राहिले, कोणी बोलावलं नसताना. मी दातांच्या कवळ्या बनवते. दूरच्या शहरातल्या मोठ्या कार्यशाळेत मला नोकरी लागली होती. तिथे राहायला स्वतःची खोली, आणि कुठे होतीस म्हणून विचारायला आई नाही! हे सगळं मी त्याला पट्टी दाबता दाबता सांगितलं होतं.

आणि एका शनिवारी आतून आलं, "ऐका ना... मी प्रार्थना केली. प्रभूने मला दाखवलं, की तुम्ही जाऊ नये. इथेच... माझ्याबरोबर..."

मी पट्टीवरचं बोट काढलं.

"प्रभूने तुम्हाला दाखवलं? माझ्याबद्दल?"

"हो..."

"मग मला का नाही? माझा पत्ता त्याला ठाऊक नाही? जन्मल्यापासून त्याच्या दारात येतेय मी! आवडते मी तुम्हाला, तर तसं सरळ म्हणा की! देवाला कशाला पुढे करता?"

आत काहीतरी धडपडलं. मी तरातरा निघून आले.

घरी आई इस्त्री करत होती. माझा सगळा तोफखाना तिने शांतपणे ऐकून घेतला.

"चुकलंच त्याचं," ती म्हणाली. "पण तू तरी कुठे विचारलंस? तू प्रार्थना करत नाहीस गं, देवाला कळवतेस. 'माझं ठरलंय, तेवढा आशीर्वाद दे,' म्हणून."

मला इतका राग आला... कारण ते खरं होतं.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच नुसतं विचारलं. उत्तर 'राहा' असं यावं, अशी माझी फार इच्छा होती. पण डोळ्यांसमोर आला तो त्या कार्यशाळेत दिसलेला एक रुग्ण. आजारात अर्धा जबडा गेलेला, आरशासमोर नवा जबडा बोटांनी चाचपणारा. मुलाखतीच्या दिवशी मी त्याच्या बाजूने झपाझप पुढे गेले होते, माझी खोली बघायला. आता रोज विचारलं की तोच समोर यायचा, आणि जायचं म्हटलं की मन शांत व्हायचं. मी वाद घातला, कारणं दिली. काही उपयोग झाला नाही.

शनिवारी तो ऑर्गनपाशी मान खाली घालून उभा होता.

"माझी इच्छा मी देवाच्या तोंडी घातली," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. एवढंच माझं आहे. बाकीचं तूच त्याला विचार."

"विचारलं!" मी ओरडलेच. "जा म्हणतो! मला जायचं होतं तेव्हा गप्प बसला, आणि आता राहावंसं वाटतंय तर जा म्हणतो! हा काय न्याय झाला?"

त्याने झटकन वर पाहिलं. "राहावंसं... वाटतंय?"

माझे कान तापले. "ऐकू येत नाही का?"

तो हसला, आणि मग ते हसू थरथरलं. "मग जायला हवं तुला."

"थांब म्हणणार नाहीस?"

"म्हणावंसं फार वाटतंय. पण त्याच्या हातातून तुला ओढून घेणार नाही मी."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. मी त्याचा धुळीने भरलेला हात घट्ट धरला.

"तू येशील... तिकडे?"

"आत्ता 'हो' अगदी जिभेवर आहे. पण आधी त्याला विचारतो. या वेळी उत्तरही त्यालाच देऊ दे."

"विचार," मी डोळे पुसत म्हटलं. "पण रोज विचार. आणि जरा भांडून विचार!"