म्वेलासे आजोबांचे नऊ वेढे

सामान बांधायला मुसाफ्फाच्या गोदामांतून रिकामी खोकी आणायची, एवढंच त्या दुपारचं काम होतं. साल दोन हजार नऊ. ईश्वरीचे बाबा, विजयकुमार, ज्या कंपनीत होते तिचा टॉवर अर्ध्यावर थांबला होता, नोकरी गेली होती आणि आखातातलं, मोहम्मद बिन झायद सिटीतलं घर पंधरा दिवसांत सोडायचं होतं.

ईश्वरीला घर म्हणजे हॉलमधली ती भिंत. बाबा लग्नाआधी डर्बनकडे नोकरीला होते. तिथे जमवलेले अकरा भाले त्या भिंतीवर होते. ती लहान असताना बाबा तिला डोळे मिटून, बोटांनी भाले ओळखायला शिकवत. लांब दांडा, अरुंद पातं म्हणजे फेकायचा. आखूड दांडा, रुंद पातं म्हणजे जवळून खुपसायचा. अकरावा तर ती चटकन ओळखे. पातं दांड्याला बांधणारी कातडी वादी बाकीच्यांवर उजवीकडे वळायची, त्याच्यावर डावीकडे. तो डर्बनकडच्या म्वेलासे आजोबांनी, बाबांना भाले ओळखायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांनी, केलेला, आणि ते डावखुरे. वादी ओली असताना बांधायची, सुकली की ती लोखंडासारखी आवळते. नऊ वेढे.

"मी गेलो की हा माझ्या कबरीजवळ आणून ठेव," असं सांगून आजोबांनी तो बाबांना दिला होता. ते गेले तेव्हा बाबांना रजा मिळाली नाही. जाऊ, जाऊ म्हणता तीन वर्षं गेली. आणि आता अल रीम बेटावरचा एक संग्राहक अकराही भाले घेणार होता.

"बाबा, हा नको ना. प्रॉमिस केलं होतंस तू."

"अगं, त्याला फुल सेट हवाय. मी तरी काय करू?"

त्या दिवशी खंडेनवमी होती. एरवी बाबा भाले कोरड्या फडक्याने पुसून कुंकू लावत. या वेळी ते व्हिसाच्या कामाला गेले होते, म्हणून आईने भाले सरळ नळाखाली धरले.

"आई! पाणी नाही लावायचं!"

"मग काय, पारोशी शस्त्रं पुजायची?"

दहा भाले टिकले. अकराव्याची वादी मऊ पडली, सुटली, आणि पातं निखळून आईच्या हातात आलं. ईश्वरीने पातं, दांडा, वादी पाटावर शेजारी शेजारी ठेवली. दोघी कुलूप लावून खोकी आणायला गेल्या.

परत आल्या तेव्हा एसी बंद पडला होता. घर इतकं गप्प त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ओल्या कातड्याचा वास येत होता, आणि लाकडाच्या धुराचा...

पाटावर भाला अखंड होता.

"तू... बांधलास?"

"मी तुझ्याबरोबर होते ना, आई..."

ईश्वरीने डोळे मिटून बोट फिरवलं. वादी ओली. वेढे नऊ. डावीकडे.

संध्याकाळी बाबांनीही डोळे मिटून बोट फिरवलं. मग संग्राहकाला फोन लावून म्हणाले, "दहाच मिळतील. खलास."

अकरावा त्यांच्याबरोबर पुण्याला आला. "पुढच्या वर्षी नेऊन ठेवू, इन्शाल्ला," बाबा आखातातल्या न सुटलेल्या सवयीने म्हणतात. दर खंडेनवमीला ईश्वरी तो कोरड्या फडक्याने पुसते. पाण्याचा थेंब लागत नाही, तरी त्या सकाळी वादी अंगठ्याखाली ओली लागते. आणि दर वर्षी एक वेढा कमी असतो. वादी तुटलेली नसते, लोंबत नसते. वेढा नुसता नसतो.

यंदा तिने दोनदा मोजले. दोनच.

"पुढच्या वर्षी नक्की," बाबा म्हणाले.

तिच्या हातात पातं किंचित हललं.