आभाराच्या पानावरचा माणूस

भट्टीतून माणसाचा आवाज येणं ही काही चांगली खूण नव्हे. आणि तोही पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत!

मी नुकती पोहोचले होते. बाहेर बारीक झिमझिम चालू होती, बोटं गारठून लाकडं झाली होती, आणि समोर विटांची ही भलीमोठी भट्टी... आदल्या दिवशीच्या उबेनं अजून कोमट. मी बॅग खाली ठेवली, दोन्ही तळवे भिंतीला लावले. मग गालही लावला. डोळे मिटले — आणि भिंत बोलली.

"टेकू नका तेवढं. वीट सैल आहे, आणि मी आत आहे."

मी किंचाळले. चांगली घसा फाडून किंचाळले. भट्टीच्या तोंडातून आधी एक झाडणी बाहेर आली, मग राखेनं माखलेलं डोकं, मग दोन हसरे डोळे.

"घाबरलात?"

"छे! मी अशीच ओरडते. सवय आहे."

"बरं झालं आधी सांगितलंत. सहा आठवडे काढायचेत, कानात कापूस घालून येत जाईन."

तो भट्टीवाला. मेळाव्याला आलेल्या बारा कलाकारांची भांडी भट्टीत रचायची, आग सांभाळायची, थंड झाल्यावर एकेक बाहेर काढायचं, हे त्याचं काम. तो हसला तेव्हा राखेत दात तेवढे पांढरे दिसले. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं. ओळख नाही पाळख नाही, एवढ्यात कशाला हसायचं?

त्या जुन्या कौलांच्या कारखान्यात दर वर्षी मेळावा भरायचा. आठ देशांतले बारा कुंभार सहा आठवडे एका छपराखाली काम करायचे आणि शेवटी प्रदर्शन. त्या प्रदर्शनातून एकालाच समुद्रापलीकडच्या कार्यशाळेचं बोलावणं यायचं. तिथं तीन महिने शिकायचं, शिकवायचं आणि मोठ्या प्रदर्शनात आपलं काम मांडायचं. ते बोलावणं मला हवं होतं. मिळालं तर बरं, असलं काही नाही. हवंच होतं.

कारण मी बारा वर्षं आत्याच्या हाताखाली बरण्या केल्या होत्या आणि माझं चाक त्या एका खोलीबाहेर कधी गेलं नव्हतं. अर्जसुद्धा आत्यानंच भरला. मला न विचारता, माझ्या सहीसकट. "जन्मभर एकाच चाकाभोवती फिरलीस तर चक्कर येऊन पडशील," एवढंच म्हणाली. त्या खोट्या सहीचे उपकार मी अजून विसरले नाही.

मेळाव्यात काय मजा होती म्हणून सांगू! एक जण माती पायांनी तुडवायचा आणि गायचा. एक बाई चाकाला हातच लावायची नाही, लाकडी थापीनं ठोकून ठोकून माठ उभा करायची. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात आम्ही एकमेकांच्या भाषेतला एक शब्द मात्र पक्का शिकलो, 'फुटलं'. तो रोज लागायचा.

आणि रोज दुपारी काही ना काही निमित्तानं मी भट्टीकडे जायची. कधी वाळलेली भांडी द्यायला, कधी फडकं मागायला. फडकी माझ्याकडे चार होती, ती गोष्ट वेगळी.

"तुम्ही स्वतः काही करत नाही? मातीचं?" मी एकदा विचारलं.

त्यानं फळीवरून मागच्या वर्षीचा कॅटलॉग काढला आणि शेवटचं पान उघडून दाखवलं. अगदी खाली, बारीक अक्षरात, आभार. चहा देणाऱ्या मावशी, ट्रकवाले काका आणि तो.

"नऊ वर्षं इथंच राहतो," तो म्हणाला. "हवेशीर जागा आहे."

मी हसले. पण जाताना लक्षात आलं... त्यानं प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात माझी बरणी तयार झाली. खांद्याला भरदार, कमरेत बारीक, वर घुमटीसारखं झाकण. मी ती मिरवत भट्टीकडे नेली.

"झाकण बरणीवर ठेवूनच भाजू," तो म्हणाला. "आगीत काठ थोडाफार वाकतोच. दोन्ही एकत्र असली की एकमेकांच्या बेतानं वाकतात."

"मग काठाला काचेसारखी झिलई लावता येणार नाही. ती वितळली की झाकण चिकटूनच बसेल."

"काठ कोरा राहू दे की."

"आठ देशांचे लोक बघणार आहेत! कोरा काठ म्हणजे काम अर्धवट टाकल्यासारखं दिसतं."

"तुमच्या आत्या काय करतात?"

"कोरा ठेवते. पण आत्याच्या बरण्या स्वयंपाकघरात जातात, परदेशात नाही."

पालथ्या घड्यावर पाणी, असं त्याच्या कपाळावर मला स्वच्छ वाचता आलं. बरणी एका फळीवर गेली, झाकण दुसऱ्या.

भट्टी उघडली त्या सकाळी मी सगळ्यांच्या पुढे. झिलई अशी काही उतरली होती की थापीवाल्या बाईनं मला मिठीच मारली. मी झाकण उचललं, बरणीवर ठेवलं... आणि ते डुगडुगलं. फिरवून ठेवलं, तरी तेच. बरणीचं तोंड केसभर लांबट झालं होतं आणि झाकण आपलं गोलच्या गोल. बारा वर्षं बरण्या करणारीची ही चूक! मग सात जणांनी सात भाषांत हळूच तो शब्द उच्चारला, जरी काही फुटलं नव्हतं.

प्रदर्शनाला नऊ दिवस होते. मी आत्याला फोन केला.

"काठ कोरा ठेवला होतास?" तिनं विचारलं.

मी झाकण बरणीवर ठेवलं, त्याची डुगडुग तिला फोनवरही ऐकू गेली.

"मग आधी रडून घे आणि नंतर माती मळायला बस. मळताना डोळे पुसता येत नाहीत."

मी तसंच केलं. दोन दिवसांत नवी बरणी उभी राहिली, पण हवा ही अशी ओली, वाळायचं नाव नाही. चौथ्या दिवशी पाहिलं तर बरणी माझ्या टेबलावर नव्हती. ती भट्टीच्या उबदार भिंतीपाशी एका फळीवर होती आणि फळीवर खडूच्या चार खुणा. दर तासाला पाव फेरा, म्हणजे एकाच अंगानं वाळून तडकू नये. दिवसभर तो बाकीची कामं सोडून तिला फिरवत होता. त्या खडूच्या खुणा मी एकेक करून मोजल्या. आभार मानायला गेले आणि तोंडातून काय निघालं, तर "हात स्वच्छ होते ना?"

"तीनदा धुतले," तो गंभीरपणे म्हणाला. "साबणानं."

"शेवटच्या भाजणीत... जागा आहे का हो? सगळे म्हणतात, भट्टी भरली."

"आहे." तो जरा जास्तच चटकन म्हणाला. "कोपऱ्यात. अगदी मापाची."

माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. या वेळी काठ कोरा होता. झाकण बरणीवर ठेवून त्यानं दोन्ही आत नेलं, तोंड विटांनी बंद केलं आणि आग पेटवली.

दुपारी त्याचं फडकं परत करायला गेले तेव्हा भट्टीवाला लाकडं आणायला गेला होता. फडकं ठेवायला दाराआडच्या फळीकडे वळले, तर तिथं एक मडकं. कच्चं, पूर्ण वाळलेलं. गोल, शांत, तोंडाशी किंचित आत वळलेलं. इतकं साधं आणि इतकं नेटकं काम त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याला प्रवेशिकेची चिठ्ठी होती. क्रमांक तेरा, आणि शेवटच्या पानावरचं ते नाव.

मी वीत लावून पाहिली. माझ्या बरणीच्या बरोबर मापाचं होतं.

तो लाकडं घेऊन आला तशी मी बरसलेच.

"तू वेडा आहेस का?"

"'तू' म्हणालात."

"विषय बदलू नकोस! नऊ वर्षांत पहिल्यांदा नाव दिलंस, आणि माझ्यासाठी बाहेर काढलंस? मी सांगितलं होतं?"

त्यानं लाकडं खाली ठेवली. एकेक, सावकाश.

"भट्टीत काय जायचं हे ठरवणं माझं काम आहे. मी ते केलं. आणि... तुझी बरणी जास्त चांगली आहे."

"हे कुणी ठरवलं?"

"मीच. पहिल्या आठवड्यात तुझं काम पाहिलं, तेव्हा प्रेमात नव्हतो. परवा पुन्हा पाहिलं... तेव्हा होतो. दोन्ही वेळा तेच वाटलं."

मी हातातलं फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि पळाले. फडक्याला गाठ मारून ठेवावी तसं ते वाक्य मी मनात बांधून ठेवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी बरणी मांडली आणि शेजारी, कुणाला न विचारता, ते कच्चं मडकं. समुद्रापलीकडच्या कार्यशाळेच्या रुपेरी केसांच्या बाई आल्या. त्यांनी झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. कुठंही न अडता ते बसलं. मग त्यांनी मडक्याकडे बोट दाखवलं. मला त्यांची भाषा येत नव्हती. मी खिडकीतून दिसणारी भट्टी दाखवली, मग मडकं, मग माझी बरणी आणि मग छातीवर हात ठेवला. मग त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

संध्याकाळी माझं नाव जाहीर झालं. फक्त माझं. टाळ्या सर्वांत जोरात कोण वाजवत होतं, हे सांगायला नको.

निघताना त्यानं ते मडकं कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलं.

"इथं राहिलं तर मी भाजून टाकीन. कच्चं आहे तोवर त्याचं अजून काहीही होऊ शकतं... ने."

"आणि तू?"

"मी आहेच. भट्टी कुठं जाते?"

तिकडे पोहोचून बॅग उघडली तर मडक्याचे सात तुकडे. मी ते ओंजळीत गोळा केले. आजूबाजूचे कुंभार जमले, प्रत्येकानं आपापल्या भाषेत तो शब्द म्हटला, आणि मी फोन लावला.

"फुटलं रे..."

"कच्चं होतं ना?" तो म्हणाला. "मग रडतेस काय? पाण्यात टाक. माती आहे, पुन्हा माती होईल."

मी ते तुकडे भिजत घातले. त्यात तिथली माती मिसळली, आणि आत्यानं बॅगेत बांधून दिलेला आमच्याकडच्या मातीचा गोळाही. थापीनं ठोकायला एका आजोबांनी शिकवलं, मी त्यांना झाकणाचं माप घ्यायला शिकवलं. तीन महिने मी सगळ्यांकडून नुसतं घेत होते आणि सगळे हसत देत होते. त्या मातीची एकच बरणी झाली, एकच झाकण. काठ कोरा ठेवला आणि दोन्ही एकत्र भाजली. तीच मी मोठ्या प्रदर्शनात मांडली.

परत आले तेव्हा घरीसुद्धा आधी गेले नाही. आत्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मला काय सांगतेस? जा की!"

भट्टी कोमट होती. मी तिला टेकले.

"टेकू नका तेवढं," आतून आवाज आला, "वीट सै—"

"टेकणार! काय करशील?"

झाडणी थांबली. मग राखेनं माखलेलं डोकं बाहेर आलं, आणि ते डोळे. मी तिकडच्या मोठ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग पुढे केला. त्यानं सवयीनं शेवटचं पान उघडलं, आभारांवरून बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा जरासा उतरला.

"माझं नाव नाही."

"तिथं आत्याचं आहे. पुस्तक शेवटून वाचायची तुझी खोड जाणार आहे का?"

तो पानं मागे उलटत गेला. मधल्या एका पानावर बरणीचा फोटो होता. खाली दोन नावं, एकाच मापाच्या अक्षरांत. त्यानं राखेचे हात सदऱ्याला पुसले, तरी त्या नावाला बोट लावलं नाही.

"यात बरणी कुणाची... आणि झाकण कुणाचं?"

"तिथल्या लोकांनीही विचारलं होतं, वेगवेगळं लिहायला. मी नाही म्हटलं. एकत्र भाजलंय."

त्याचे डोळे भरून आले आणि राखेतून दोन स्वच्छ रेघा उतरल्या. मला राहवलं नाही. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि भट्टीच्या तोंडाशी वाकले.

"सरक. दोघांपुरती जागा आहे का?"

"आहे," तो म्हणाला. पुन्हा जरा जास्तच चटकन.

या वेळी मात्र मी विचारलं, "माझ्यासाठी काय बाहेर काढणार आहेस?"

"झाडणी," तो म्हणाला, आणि ती त्यानं बाहेर भिरकावून दिली.