भिंतीकडे तोंड

हे खरं घडलंय. शपथ घ्यायला मी तयार आहे. वर्गातल्या गॉर्डचीही घेते, त्याला न विचारता.

भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं?

हे घडलं भर दुपारी. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कॅनडातलं थंडर बे. आमच्या कॉलेजचा दुसरा मजला, चित्रकलेचा स्टुडिओ.

मी आयली कोस्केला. वय सतरा. सकाळी शाळा, दुपारी कॉलेजात चित्रकला आणि ग्राफिक डिझाइन. वर्गात सगळ्यांत लहान मी. सगळ्यांत मोठा गॉर्ड, वय त्रेपन्न. कागदाची गिरणी बंद पडली, म्हणून पठ्ठ्या पुन्हा शिकायला आला.

सप्टेंबरात माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता मी थांबत नाही.

गुरुवारी चर्चा होती. म्हणजे सगळ्यांची चित्रं भिंतीवर, आणि बाकीचे बोलून होईपर्यंत ज्याचं चित्र त्याने तोंड उघडायचं नाही. पुढच्या वर्षी मला इथे पूर्णवेळ शिकायला जागा मिळणार की नाही, ते या चर्चेवर ठरणार होतं.

सोमवारी मी माझं चित्र लावलं. कोळशाने काढलेलं, दाराएवढं. मी स्वतः. हनुवटी वर, लांब वेणी, नजर थेट समोर.

मंगळवारी आले, तर...

चित्राचं तोंड भिंतीकडे होतं.

टाचण्या त्याच भोकांत.

"गॉर्ड! हा तुझाच चावटपणा ना?"

त्याच्या तोंडात गुलाबी आयसिंगचा गोड बन होता, इथला पर्शियन. "पोरी, मला माझंच चित्र सरळ लावता येत नाही. तुझं कुठे उलटं लावू?"

मी कागद सोडवला. कोळसा नुसता हात लागला तरी पसरतो. पण भिंत पांढरीशुभ्र होती.

एक डागसुद्धा नाही.

आणि कागदाच्या मागे एक पुसट रेष होती... कुणाच्या तरी मानेची.

मी चित्र पुन्हा सरळ लावलं आणि कामाला बसले.

खर्र... खर्र...

कागदावर कोळसा घासल्याचा आवाज. माझ्या मागून.

वळले. आवाज बंद.

मागे खिडकीजवळ चित्र टेकवायचं एक जुनं ईझल होतं. तिथे कुणी बसत नाही. तिथे स्टूलच नाही.

पण त्याच्या फळीवर कोळशाची भुकटी होती. ताजी.

बुधवारी चित्र परत उलटं. मागची रेष वाढली होती. आता खांदे होते, वेणी होती, माझ्या स्वेटरची उसवलेली कॉलर होती.

ती मी होते. मागून पाहिलेली.

आमच्या शिक्षिका डोरीन तो कागद बघून खुर्चीत बसल्याच.

"त्या ईझलपाशी लिनेट बसायची," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी साली. मी तिच्याच वर्गात होते. तेव्हाच्या सरांना चित्र आवडलं नाही, की ते भिंतीकडे तोंड करून लावायचे. तिची सगळीच लावली. आठवडाभर."

"मग?"

"मग ती आली नाही. परत कधीच."

"तुम्ही काय केलंत?"

डोरीन हातातला ब्रश बघत राहिल्या. "गप्प बसलो. सगळेच."

मग हळूच म्हणाल्या, "आयली, दुसरं काहीतरी लाव. मी समजून घेईन."

दुसरं? का म्हणून? घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण भिंतीकडे तोंड करून उभी राहणारी मी नाही.

घरी गेले आणि आईच्या हातात कात्री दिली. "वेणी काप. मागून बघतंय ना कुणीतरी? बघू, आता काय काढतं ते."

"वेडी आहेस," आई म्हणाली आणि कापली. डाव्या कानामागे जरा जास्तच.

गुरुवारी सकाळभर शाळेत टोपी घालून बसले. आईशिवाय माझं डोकं कुणीच पाहिलं नव्हतं.

स्टुडिओत चित्र उलटंच होतं.

कागदामागच्या चित्रात वेणी नव्हती...

केस आखूड. डाव्या कानामागे जरा जास्तच कापलेले. आणि मान अर्धी वळलेली, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

मी सुतळी मागितली. गॉर्ड शिडीवर चढला. आम्ही कागद खोलीच्या मधोमध, छताला टांगला. मागे भिंतच नाही.

"आता वळव कुठे वळवायचं ते!" मी मोठ्याने म्हणाले.

चर्चा सुरू झाली. गप्प बसायचा नियम मी पहिल्याच मिनिटाला मोडला.

"पुढची बाजू माझी. मागची लिनेटची. दोन्हींवर बोला."

मग डोरीन उठल्या आणि मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"फार चांगलं काढलंय," त्या म्हणाल्या. "हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

टक्...

खिडकीजवळ कोळशाची कांडी जमिनीवर पडली होती.

मला जागा मिळाली. चित्र आता माझ्या खोलीत आहे, सुतळीवर, मधोमध.

काढणारी लिनेट, हे मला पटलंय. पण वळवणारं कोण? ते सर तर केव्हाच वारले, असं डोरीन म्हणतात.

रोज सकाळी चित्र थोडं फिरलेलं असतं... माझा चेहरा भिंतीच्या दिशेने. खिडकी बंद असते, वारा नसतो.

मी उठते आणि परत सरळ करते.

रोज.

बघू, कोण आधी थकतं ते.