एका हाकेला दोन खारू

"खारू, माझा चष्मा!"

आबांची हाक आली आणि मी खुर्चीतून उडीच मारली. दारात धाडकन कशावर तरी आपटले. समोर चार पायांची, पत्र्याची, झुबकेदार शेपटीची 'ती' उभी होती. चष्मा तिच्या पंजात होता.

"शाबास खारू!" आबा म्हणाले. मला नव्हे, तिला!

आता तुम्हीच सांगा, जळफळाट होणार नाही तर काय? माझं नाव शाल्मली. पण चालायला लागले तशी मी झाडांवर चढायला लागले, म्हणून माझे आजोबा, म्हणजे आबा, मला खारूच म्हणतात. आबा टेकडीवरच्या गारपीट वेधशाळेचे प्रमुख आहेत. दर सुट्टीत मी त्यांच्याकडे येते. या वेळी येऊन पाहते, तर मनोऱ्यावर सरसर चढून यंत्रं पुसणारा नवा रोबो, आणि त्याचं नाव काय? खारू!

"अगं, तू शाळेत होतीस. नाव नुसतंच पडून होतं," आबा हसत म्हणाले. मला मुळीच हसू आलं नाही.

निदान माझं काम तरी माझं होतं. ऑफिसात खिडकीजवळ एक संगणक आहे. मी नसते तेव्हा तो बंद असतो. सुट्टीत मात्र त्याच्यावरून गावोगावी ढगांचा नकाशा मी पाठवते. मी तो सुरू केला. नकाशा निम्मा गेला आणि अडकला. पुन्हा थोडा सरकला, पुन्हा अडकला. शेजारचे संगणक मात्र झकास चालले होते.

"राहू दे. उद्यापासून खारूच पाठवेल," आबा म्हणाले.

कोणती खारू, हे विचारायलाच नको. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी दुरुस्त करते!"

"कर. पण चिडून नाही, क्रमाने. जवळून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल लांब जायचं."

आधी संगणकाला राउटरशी (संदेश ज्याचे त्याला पोचवणारी पेटी) जोडणारी तार पाहिली. तिच्या टोकाजवळचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तरी शेजारची तार लावून पाहिली, पण फरक शून्य. मग पिंग केलं (पिंग म्हणजे एखाद्या यंत्राला हाक मारून 'ओ' येते का ते पाहणं). संगणकाने स्वतःला मारलेल्या हाकेला ओ आली. मग राउटरला हाक मारली. ओ आली, आली, नाही आली, पुन्हा आली.

"राउटर बिघडला असता तर शेजारचेही अडले असते," आबा म्हणाले. "तार तुटली असती तर एकदाही ओ आली नसती. मग हे मधेच येणं, मधेच न येणं कशामुळे?"

"मी मदत करू?" रोबो मान वाकडी करून म्हणाला.

"काही नको!" मी खेकसले.

"खारू, पाणी आण गं," आबा म्हणाले. आम्ही दोघी धावलो. या वेळी मी जिंकले. पेला हातात घेतला आणि तिथेच थबकले. हाक एक आणि धावणाऱ्या दोघी. कधी ती पोचते, कधी मी!

"आबा, दोन यंत्रांचा आयपी पत्ता (जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राचा आकड्यांतला पत्ता) एकच असला तर?"

आबांचे डोळे चमकले. "तर राउटर गोंधळेल. संदेश कधी याच्याकडे जाईल, कधी त्याच्याकडे. पण हा झाला अंदाज. सिद्ध कर."

मी माझ्या संगणकाची तार काढून टाकली. आता त्याच्या पत्त्यावर कुणीच ओ द्यायला नको. शेजारच्या संगणकावरून मी त्या पत्त्याला हाक मारली.

ओ आली! आणि त्याच वेळी रोबोच्या छातीवरचा निळा दिवा लुकलुकला.

"ती ओ मी दिली," रोबो प्रामाणिकपणे म्हणाला.

"सापडला चोर!" मी चक्क नाचले. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

आबांनी कपाळावर हात मारला. "हिला पत्ता मीच हाताने दिला. तेव्हा हा संगणक बंद होता. मला वाटलं, पत्ता रिकामा आहे."

"रिकामा नव्हता," मी म्हणाले. "ज्याचा होता, तो फक्त तिथे नव्हता." बोलता बोलता माझा आवाज का चिरकला, कोण जाणे.

 आबा संगणकाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी रोबोला नवा पत्ता दिला. मी तार जोडली आणि नकाशा सरळ गावांपर्यंत गेला. "पुढे या मनोऱ्यावर असे खूप रोबो येतील," आबा म्हणाले. "यापुढे पत्ते राउटरच वाटेल. यंत्र बंद असलं, तरी त्याचा पत्ता तो राखून ठेवेल."

"आणि माझं नाव?" रोबोने विचारलं.

आबा म्हणाले, "ते आता शाल्मलीच ठरवेल."

मी त्या झुबकेदार शेपटीकडे पाहिलं. ती छान होती, हे मला कबूल करायचं नव्हतं. "झुबी," मी म्हणाले.

संध्याकाळी मनोऱ्याखालून हाक आली, "खारू, ढग बघायला चल!"

झुबीने फक्त मान वळवली. मी एकटीच धावले.